ओठाला विचारून

१९ मार्च, १९७८

बाबांनी आज कामटी ओठाला लावून पाहिली. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या बाहुल्या बांबूच्या; त्यांच्या केसांच्या कामट्या आम्ही बोटांनी तपासतो. तासलेली कामटी अंगठा आणि तर्जनीच्या मधून हळूच ओढायची, कुठे जाड राहिली ते बोटाला कळतं. हे मला बाबांनीच शिकवलं, शाळेत घालायच्याही आधी. आईने अक्षरं शिकवली आणि बाबांनी कामट्या. आज मात्र ते शेगडीपाशी बसले, कामटी खालच्या ओठावरून फिरवली, डोळे मिटून जरा थांबले आणि मग ती बाजूला ठेवली.

"बाबा, हे काय?"

"ओठाची कातडी बोटापेक्षा पातळ असते."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"आधी तुला एवढी पातळ तासता कुठे येत होती?"

ऐकून बरं वाटलं आणि लगेच धास्तीही वाटली. बाबा माझं कौतुक करत नाहीत. केलं तर त्यामागे काहीतरी मोठं काम असतं.

बहुतेक शरदातल्या पारखीचं असेल. दर पाच वर्षांनी, बांबूतोड सुरू व्हायच्या आधी, दरीतल्या प्रत्येक घराने देवळाच्या सभागृहात एक बाहुली मांडायची असते. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाच्या हातची असली पाहिजे. ती पसंत पडली तर घराचा ठसा राहतो. पसंत पडली नाही तर बाहुलीवाल्यांचा संघ ठसा काढून घेतो आणि बिनठशाची बाहुली फुकुईतलं कुठलंही दुकान घेत नाही. तसं झालं तर काम बंद करायचं आणि मला कापडगिरणीत पाठवायचं, असं बाबा मागेच म्हणाले होते. ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, त्यामुळे मला ते जास्त लक्षात राहिलं.

आमच्या घरी मी केस करते, बाह्या करते, अलीकडे किमोनोही करते. मान फक्त बाबा करतात.

२ एप्रिल

ओठ सुजला आहे. बांबूची कूस आत गेली होती, आईने सुईने काढली.

विहिरीवर शेजारची सावाए वहिनी भेटली. तिच्या सासऱ्यांचंही बाहुल्यांचंच काम आहे, आणि तिच्या घरी गप्पा मारायला बरोबरीचं कुणी नाही म्हणून ती मलाच धरते. "काय गं फुमी, तोंडाला काय झालं? चावला की काय कुणी?"

मी खरं ते सांगितलं. ती बादली खाली ठेवून हसायलाच लागली. "बांबू खाताय? तुमच्याकडे भात संपला का? सांग हं, आमच्याकडून देते वाटीभर!"

मी म्हटलं, ही आमच्या घरची नवी रीत आहे. म्हणताना जरा ताठ झाले असेन. घरी येऊन वाटलं, नवी आणि रीत हे दोन्ही शब्द एकत्र बोलणं बरोबर नाही. उद्या भेटली तर दुरुस्त करायला हवं.

२१ एप्रिल

दुपारी बाबा बाहीची कड शेगडीवर वाकवत होते. बांबू तापला की त्याच्यातून तेल सुटतं, त्या वेळी धरून ठेवायचा असतो, हात काढला तर वाक सरळ होतो. मला वास आला. बांबूचा नव्हता तो. बघितलं तर बाबांचं मधलं बोट निखाऱ्याला लागलेलं, आणि ते शांतपणे वाक धरून बसलेले.

मी ओरडले. आई आतून धावत आली आणि तिने त्यांच्या हातावर चापट मारली. "अहो, लहान मूल आहात का? पुन्हा पुन्हा किती सांगायचं!"

बाबा म्हणाले, "वाक चांगला आला होता."

आईला कामातलं कळत नाही. पण मला आज कळलं, की कामात मन असं असायला हवं. मला साध्या चटक्याच्या भीतीने हात मागे घ्यायची सवय आहे. संध्याकाळी मी एकटीने प्रयत्न केला आणि बोट अर्धा श्वासही ठेवता आलं नाही. मी अजून त्या योग्यतेची नाही.

९ मे

जळणाच्या टोपलीत माना सापडल्या. चूल पेटवायला मी काड्या घेत होते, हाताला गुळगुळीत काहीतरी लागलं. काढून बघते तर बाबांनी केलेली मान. खाली आणखी होत्या.

हे मला लिहायला जड जातंय, पण लिहिते. त्या माना मी दाराशी नेऊन उजेडात पाहिल्या. आमच्या बाहुलीला डोळे नसतात, नाक-तोंड नसतं. डोकं म्हणजे एक साधं गोल पेर. ती दुःखी आहे की कुणाची वाट बघते आहे, हे सगळं मानेने सांगायचं. आणि या माना काही सांगत नव्हत्या. एकीची एक बाजू सपाट होती. दुसरीला खांद्यात बसणाऱ्या खुंटीच्या वर खाच पडली होती, सुरी घसरल्यासारखी.

मला त्यांच्यात दोष दिसला. बाबांच्या कामात मला दोष दिसावा, याचंच वाईट वाटलं. मग मनात आलं, त्यांनाही तो दिसला म्हणूनच त्यांनी त्या टाकल्या. म्हणजे ते स्वतःशी पूर्वीपेक्षा कडक झाले आहेत. पारखीचं वर्ष आहे. तसंच असणार.

तरीही मी त्या जाळल्या नाहीत. टोपलीत होत्या तशाच तळाशी ठेवल्या आणि वर काड्या टाकल्या. हे बरोबर केलं का ते ठरवता येत नाही.

११ मे

आईने आज त्या माना जाळल्या. तिने मला विचारलंही नाही, मीही विचारलं नाही.

३ जून

बाबा म्हणाले, "आजपासून मान कर."

मी केसांची जुडी हातात धरून तशीच बसले.

"ऐकू आलं ना?"

"हो. पण आपल्या घरी मान—"

"आपलं घर म्हणजे कोण? मी. मी सांगतोय."

पहिली मान दुपारी दिली. त्यांनी हातात घेतली नाही. भिंतीपाशी जाऊन उभे राहिले आणि मला ती शेगडीपाशी, उजेडात धरायला लावली. "फिरव. अजून फिरव. बस. घसा कुठे आहे हिला? खांबावर भोपळा ठेवलाय."

दुसरी. "ही झोपली."

तिसरी. "ही शेजाऱ्यांकडे डोकावतेय. सावाएसारखी."

मला हसू आलं आणि मग रडूही आलं, पण रडले नाही. पूर्वी माझं काहीही काम असो, केसाची बट असो की बाहीची कड, बाबा ते दोन्ही हातांत घेऊन बोटांनी फिरवून फिरवून बघायचे. आता लांबून बघतात. हात लावण्याइतकंही ते बरं नाही, असा त्याचा अर्थ असावा.

१७ जून

आई हल्ली बाबांच्या सदऱ्याची बटणं लावून देते. एवढ्या वर्षांनी तिला त्यांची माया यायला लागली आहे. मला बघून ती जरा घाईने लावते आणि म्हणते, "यांना काही धड जमत नाही."

चहा मात्र ती हल्ली फार गार देते त्यांना. दोनदा सांगितलं, तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

२४ जुलै

उकाडा. सरस वितळून भांड्यात सांडला. मानेच्या लाकडाला, म्हणजे बांबूला, घाम लागू नये म्हणून मनगटाला फडकं बांधून बसते.

बाबांनी सुरीच्या मुठीला वेत गुंडाळून ती मनगटाएवढी जाड केली आहे. मी पण माझ्या सुरीला गुंडाळून पाहिलं. मला तर त्या जाडीतून पात्याचं काही कळेचना. एक मान वाया गेली. दुपारी वेत सोडून टाकला. बाबांनी बघितलं. "का सोडलास?"

"तुमच्यासारखं जमत नाही मला."

ते परत आपल्या कामाकडे वळले. मग म्हणाले, "सगळं माझं बघून करू नकोस."

सगळं त्यांचंच बघून शिकले. आता बघू नको म्हणतात. माझ्यावर नाराज आहेत.

१९ ऑगस्ट

आज एक मान धरली आणि बाबा भिंतीपाशी उभे राहून काहीच बोलले नाहीत. मी फिरवली, थांबले, पुन्हा फिरवली. बाहेर रातकिडे ओरडत होते, दिवसाढवळ्या. शेवटी मीच विचारलं, "हिला काय झालं?"

"काही नाही. कपाटात ठेव."

"कुठल्या?"

"माझ्या."

मी ठेवली. तिथे माझ्या वसंतातल्या दोन बाह्याही होत्या, दुकानासाठी म्हणून त्यांनी घेतलेल्या, आणि जूनमधला किमोनो. दुकानाचा माल त्यांनी अजून पाठवला नाही, याचं नवल वाटलं. मानेत दोष असणार, नंतर एकत्र दाखवतील.

मानेच्या डाव्या अंगाला, कानाच्या जागेखाली, पेराचीच एक तपकिरी रेघ आहे. केसाएवढी. ती मी मुद्दाम राहू दिली होती. नको होतं तसं करायला.

६ ऑक्टोबर

बाबा दार लावून पारखीची बाहुली करतात. कोपऱ्यातल्या शेगडीवर सरसाचं भांडं असतं. आतून सुरीचा आवाज मात्र येत नाही. मी केस करते, ते केसही त्यांनी नेले. एकाच्या हातचं असायला हवं, मग माझे केस कशाला, असं विचारायला हवं होतं. ते बहुधा मापासाठी नेले असतील.

२९ ऑक्टोबर

झोप लागत नाही, म्हणून पहाटेच लिहायला बसले.

काल संध्याकाळी बाबा स्नानाला गेले तेव्हा दार उघडं होतं. पारखीची बाहुली फळीवर होती. फार सुंदर. खाली बघणारी, काहीतरी हातातून पडल्यासारखी आणि ते उचलायचं की नाही ते न ठरलेली. मी जवळ गेले. मानेच्या डाव्या अंगाला केसाएवढी तपकिरी रेघ होती.

ती माझी मान आहे.

बाबांच्या कपाटात दोघांच्याही माना होत्या. त्यांनी चुकून माझी उचलली. दुसरं काही असू शकत नाही. ते एवढे काटेकोर आहेत की जाणूनबुजून असं करणारच नाहीत. पण पारखीत सगळ्यांसमोर विचारतात, "सगळं तुझ्या हातचं?" आणि बाबा "हो" म्हणतील, त्यांना ठाऊक नसताना. ते खोटं ठरेल. पुढेमागे कुणाला कळलं तर ठसाही जाईल आणि नावही जाईल.

मी आईला सांगितलं. ती मुळा खिसत होती. तिचा हात थांबला.

"तू काही बोलू नकोस."

"पण आई, बाबांना ठाऊक नाही—"

"फुमी. तुला जे जे दिसतं ते सगळं बोलायलाच हवं का?"

"खोटं असेल तर हवं."

"मग ताट घे आणि तोंड भाताने भर. तेवढा वेळ तरी गप्प राहशील."

बाबांना जाऊन कसं सांगू, की तुम्हाला स्वतःचं काम ओळखता आलं नाही? त्याहून मोठा अपमान कुठला करता येईल? विचार करून करून डोकं दुखतंय.

११ नोव्हेंबर

पारख झाली. जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मी माझ्या बाजूने काहीतरी बदलून लिहीन.

सकाळी सभागृहाबाहेर संघाचे अध्यक्ष यामागिशी आजोबा चपला काढत होते. मी जाऊन वाकले आणि सांगितलं, की आमच्या बाहुलीची मान बाबांची नाही, चुकून बदलली आहे, आम्हाला दुसरी आणायला थोडा वेळ द्यावा.

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या भुवया पांढऱ्या आणि लांब आहेत, त्यामुळे ते रागावलेत की नाही ते कळत नाही. "बापाला विचारलंस?"

"नाही."

"मग आधी आत जाऊन बस."

आतमध्ये पुरुष दोन रांगांत, बायका दाराशी. एकेक बाहुली समोरच्या फळीवर येते. ज्याच्या हातची ती, तो तिच्या मागे बसतो. अध्यक्ष विचारतात, सगळं तुझ्या हातचं? तो हो म्हणतो. मग सगळे बघतात. ज्याला पसंत नाही त्याने काही बोलायचं नाही. त्याने उठून जायचं आणि बाहुली भिंतीकडे फिरवायची. एकाने जरी फिरवली तरी ती बाहुली घरी न्यायची.

आमची पाळी आली. बाहुली फळीवर ठेवली. यामागिशी आजोबा म्हणाले, "तोकुझो, ये. बस मागे."

बाबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मी नाही. ती बसेल."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. सावाए वहिनीने मागून ढोसलं, "ऊठ ना गं!" मी उठले आणि बसले. समोर बाहुलीची पाठ होती. सगळ्या दरीचे म्हातारे माझ्याकडे बघत होते.

"सगळं तुझ्या हातचं?"

त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. केस माझे. बाह्या माझ्या, वसंतातल्या. किमोनो माझा. मान माझी. बाबांनी काही चुकून उचललं नव्हतं. 'हो' म्हटलं की झालं होतं.

पण मान खांद्यात बसवताना मी तिथे नव्हते.

"जोडणी माझी नाही," मी म्हटलं.

दाराशी आईने तोंडावर हात घेतला, ते मला दिसलं.

यामागिशी आजोबांनी चष्मा लावला आणि बाहुली उचलली. मानेच्या मुळाशी, गळपट्टीच्या आत, सरसाची एक गाठ वाळलेली होती, तांदळाएवढी. मला ती त्या दिवशी दिसली नव्हती. मी रेघच बघत बसले होते.

"ही गाठ कुणाची?"

"माझी," बाबा म्हणाले.

"तू सरसाची गाठ ठेवतोस, तोकुझो? तू? माझ्या पोराला याच गोष्टीवरून तू भर सभेत झाडला होतास."

"झाडला होता. बरोबरच झाडला होता." बाबांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. "बोटं मागच्या थंडीत बधिर झाली, ती पुन्हा जागी झालीच नाहीत. हातात काय आहे ते मला बघितल्याशिवाय कळत नाही. गाठ बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही."

 यामागिशी आजोबा हळूहळू उठले, फळीपाशी आले आणि त्यांनी आमची बाहुली भिंतीकडे फिरवली. नियम तोच आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

बाहुली फिरवली तेव्हा तिचा चेहरा माझ्याकडे आला. म्हणजे चेहरा नाहीच, मान आली.

मी म्हटलं, "किटली मिळेल का?"

"काय?"

"उकळत्या पाण्याची. आणि सरस. वाफेने जोड सुटेल. मी इथेच पुन्हा जोडते."

मागच्या रांगेतून होसोकी काका म्हणाले, "असं कधी झालेलं नाही."

"नाही म्हणून कुठे सांगितलंय?" सावाए वहिनीचे सासरे म्हणाले. "इथे बसून जोडली तर तिच्याच हातची झाली ना. आपण तेवढ्यात चहा घेऊ."

किटली आली. वाफेवर धरली तसा जोड सुटला, मान निघाली. मी खुंटी पुसली, तासली. खुंटी ओठाला लावून तपासली. होसोकी काका जोरात कुजबुजले, "हे काय, चाखते आहे काय?" बाबा म्हणाले, "आमच्या घरी असंच करतात." सरस लावला, मान बसवली, बोट फिरवलं, गाठ नव्हती. मग सरस धरेपर्यंत मान हातात धरून बसायची. लोक चहा पीत होते, कुणी मुळ्याचं लोणचं काढलं, बांबूतोड यंदा कुठून सुरू करायची यावर बोलणं चाललं. मी धरून बसले. मान मनात होती तशी राहिली नाही. हातात जिथे थांबली तिथेच धरली.

ठेवली. यामागिशी आजोबा वाकून बघायला लागले. "मघाशी खाली बघत होती. आता कुठे बघतेय?"

"दाराकडे."

"का?"

"माहीत नाही. हात तिथे थांबला."

"मघाची जास्त चांगली होती."

"हो," मी म्हटलं. खरंच होती.

ते जागेवर जाऊन बसले. "सगळं तुझ्या हातचं?"

"हो."

सगळे बघत होते. मग होसोकी काका उठले.  ते दोन पावलं आले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. "काय बघताय माझ्याकडे? पाय आखडलाय."

आधी सावाए वहिनी हसली, मग सगळेच.

बाहुली कुणी फिरवली नाही.

१२ नोव्हेंबर

चहा गार का असतो ते आता कळलं. बटणांचंही.

आईला विचारलं, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर पुढच्या दिवशी विहिरीवर सगळ्या दरीला कळलं असतं. तुझ्या पोटात खोटं राहत नाही आणि तुझ्या बापाला शरदापर्यंत वेळ हवा होता. बोलले असते तर मार्चमध्येच ठसा गेला असता. मान शिकायच्या आधी." तिच्या आवाजात राग नव्हता. मला रागच बरा वाटला असता.

बाबांना विचारलं, "सगळं माझं घेतलंत, मग जोडणी तेवढी तुम्ही का केली? मला सांगितलं असतं तर गाठ राहिली नसती."

ते सुरीच्या मुठीवरचा वेत सोडत होते. नखाने टोक सापडत नव्हतं, मी सोडून दिलं.

"एवढं एक तरी माझ्या हातचं असावं असं वाटलं," ते म्हणाले. "चुकलंच."

  त्यांचं ते एकच काम मी सगळ्यांदेखत वाफेवर सोडवून टाकलं. नियमाने ते बरोबर होतं.

सुरी त्यांनी मला दिली. वेताखाली जुनी मूठ आहे, त्यांच्या अंगठ्याने झिजलेली. माझा अंगठा त्या खळग्यात बसत नाही, थोडा वर येतो.

३ डिसेंबर

बांबूतोड संपली. आजपासून आमच्या घराचा चंद्रकोरीचा ठसा मी मारते. तापलेला लोखंडी शिक्का सरळ उभा धरायला हवा, पहिला ठसा तिरका आला. बाबा म्हणाले, "चंद्रकोर आहे, तिरकी चालते." असं ते पूर्वी कधी बोलले नसते.

मी विचारलं, "बाबा, मी आता कामटी बोटांनीच तपासू ना?"

"तुझी बोटं चांगली आहेत. बांबू कशाला खातेस?"

मी दोन दिवस बोटांनी केलं. मग पुन्हा ओठावर गेले. बोट जिथे ठीक आहे म्हणतं तिथे ओठ नाही म्हणतो. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "हो. मलाही नवल वाटलं होतं."

२४ डिसेंबर

बर्फ. फुकुईहून दोन माणसं कॅमेरा घेऊन आली होती. यामागिशी आजोबा त्यांना घरोघर नेत होते. आमच्याकडे आले तेव्हा आईने आमच्याकडे हिवाळ्यातच खातात त्या थंड गोड वड्या काढल्या होत्या, सावाए वहिनीही येऊन बसली होती, सासऱ्यांच्या बाहुल्यांसाठीच्या केसांच्या कामट्या घेऊन. बोलता बोलता तिने एक कामटी ओठावरून फिरवली.

मी बघतच राहिले. ती डोळे मोठे करून म्हणाली, "काय गं? तुलाच चांगलं येतं का फक्त?"

कॅमेऱ्याच्या माणसाने विचारलं, हे काय करता?

यामागिशी आजोबांनी भुवया उचलल्या आणि सावकाश, सभागृहात बोलतात तशा आवाजात सांगितलं, "आमच्या दरीत केस ओठाने तपासतात. जुनी पद्धत आहे. आमच्या आजोबांच्या वेळची."

मी तोंड उघडलं. आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा शेगडीपाशी बसले होते, दोन्ही हात बाह्यांत घालून, आणि खाली मान घालून अतिशय गंभीरपणे हो हो करत होते. त्यांचे खांदे हलत होते.

मी काही बोलले नाही.

समोर अर्धवट तासलेली कामटी होती. ती उचलून ओठाला लावली. जरा जाड होती. पुन्हा तासली.